‘वन्स मोअर’ची गोष्ट

मागच्या नोव्हेंबरात आपल्या मंडळाचा नाट्यसंगीताचा कार्यक्रम झाला, तेव्हा तुमच्यापैकी बरेच जण हायस्कूलच्या त्या ऑडिटोरियममध्ये होतात. हॉल दहा वाजता रिकामा करून द्यायचा होता. पावणेदहाला ‘मानापमान’मधलं शेवटचं पद संपलं, टाळ्या झाल्या, निवेदिका आभार मानायला पुढे आली आणि मागच्या रांगेतून एक आवाज आला, ‘‘वन्स मोअर!’’ क्षणभर शांतता. मग डावीकडून दुसरा आवाज, मग पाच-दहा आणि मग सगळा हॉल. गायिकेनं विंगेकडे पाहिलं. विंगेत आपले एक कार्यकर्ते काका घड्याळावर बोट ठेवून उभे होते. तबलजींनी मात्र तबल्यावर थाप मारली आणि पद पुन्हा सुरू झालं.

त्या क्षणी माझ्या शेजारी बसलेल्या बाईंनी माझा हात धरला. मीही धरला. पद संपेपर्यंत आम्ही तशाच बसलो होतो. त्यांना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. दोन तास गाडी चालवून आल्या होत्या, एवढंच मध्यंतरात चहाच्या रांगेत कळलं होतं.

घरी जाताना गाडीत माझ्या पंधरा वर्षांच्या मुलीनं विचारलं, ‘‘आई, त्या काकू कोण?’’

‘‘माहीत नाही.’’

‘‘मग हात का धरलास? आणि ‘वन्स मोअर’ तर इंग्लिश आहे ना? आमच्या शाळेच्या कॉन्सर्टला असं कुणीच ओरडत नाही.’’

मला दोन्हींचं उत्तर देता आलं नाही. पुढच्या आठवड्यात हॉल वीस मिनिटं उशिरा सोडल्याबद्दल मंडळाला जादा भाडं भरावं लागलं आणि कार्यकारिणीत चर्चा सुरू झाली, की आता हॉल घ्यायचाच कशाला? चांगलं रेकॉर्डिंग करावं, सगळ्यांना लिंक पाठवावी, ज्यानं त्यानं सोयीनं घरी बघावं. जानेवारीच्या सर्वसाधारण सभेत हा विषय येणार आहे. म्हणून मुलीच्या प्रश्नांची उत्तरं मी आता शोधून लिहिते आहे. ती तिच्याइतकीच तुमच्यासाठीही आहेत.

सुरुवात माझ्या माहेरापासून, म्हणजे सांगलीपासून करते. 5 नोव्हेंबर 1843 या दिवशी सांगलीत विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ नाटक केलं. तोच दिवस आपण मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळतो. नाटक झालं ते सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयानं. तो प्रयोग पाहणारे लोक संस्थानिकांच्या आमंत्रणावरून आलेले. कोण कुठे बसणार हे ज्याच्या त्याच्या मानावरून ठरलेलं. तसं पाहिलं तर त्याआधीही आपल्याकडे लोक एकत्र बसून खेळ पाहतच होते. देवळातलं कीर्तन होतं, कोकणात दशावतार होता, जत्रेत तमाशा होता. पण गावच्या देवळात कीर्तनाला बसलेली माणसं एकमेकांना पिढ्यान्‌पिढ्या ओळखत. कोण कुणाचा, कोणत्या घरचा, कोणत्या जातीचा, हे सगळ्यांना ठाऊक. तिथे ‘आपण’ आधीच ठरलेले असतात आणि मग खेळ सुरू होतो.

चिंतामणराव 1851 मध्ये वारले. राजाश्रय गेला आणि भाव्यांना नाटक घेऊन गावोगाव फिरावं लागलं. 1853 मध्ये ते मुंबईला पोचले आणि ग्रँट रोडच्या थिएटरात त्यांनी तिकीट लावून प्रयोग केले. मराठी नाटक तेव्हा पहिल्यांदा अनोळखी माणसांसमोर उभं राहिलं. आता प्रेक्षक आमंत्रणानं येत नव्हता, पैसे मोजून येत होता. शेजारच्या खुर्चीवर कोण बसणार, हे त्याच्या हातात नव्हतं.

त्याच वर्षी, 16 एप्रिल 1853 ला, बोरीबंदर ते ठाणे पहिली आगगाडी धावली. ह्या दोन गोष्टी एकाच वर्षी आणि एकाच शहरात घडल्या, हा योगायोग आहे, पण मला तो फार बोलका वाटतो. तिकीट काढलं की डब्यात कुणाच्याही शेजारी बसावं लागतं, तसंच थिएटरातही. आगगाडीत मात्र प्रत्येक जण आपापल्या स्टेशनाची वाट पाहतो. थिएटरात सगळे एकाच गोष्टीची वाट पाहत असतात.

पण नुसतं शेजारी बसून माणसं जवळ येत नाहीत. त्यासाठी काहीतरी सामाईक लागतं. ते आणलं अण्णासाहेब किर्लोस्करांनी. 31 ऑक्टोबर 1880 ला पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात त्यांच्या ‘शाकुंतल’चा प्रयोग झाला आणि संगीत नाटक सुरू झालं. भाव्यांच्या नाटकात गाण्याचा भार सूत्रधारावर असायचा. आता शकुंतला, दुष्यंत, कण्व स्वतःच गाऊ लागले. त्या पदांच्या चाली कुठल्या? साकी, दिंडी, ओवी, लावणी, कीर्तनातल्या चाली. म्हणजे नाटक नवं, पण चाल प्रेक्षकाच्या कानातली. कुणी ती आजीच्या जात्यावर ऐकलेली, कुणी देवळात, कुणी फडावर. एकमेकांचं नावही माहीत नसलेल्या माणसांच्या माना एकाच ठेक्यावर हलू लागल्या, त्या यामुळे.

आणि इथे ‘वन्स मोअर’ येतो. माझ्या मुलीचं निरीक्षण बरोबर आहे. शब्द इंग्रजी आहे, पण इंग्रज स्वतः अशा वेळी ‘एन्कोअर’ म्हणतात, तोही फ्रेंचांकडून उसना घेतलेला. आपल्या लोकांनी साहेबाच्या भाषेतले दोन साधे शब्द उचलले आणि इतके आपलेसे केले, की आज ‘वन्समोअर’ हा एकच मराठी शब्द झाला आहे. ‘पदाला तीन वन्समोअर मिळाले’ असं आपण सहज म्हणतो.

ह्या शब्दाचं काम नीट बघा. टाळी प्रत्येक जण आपापली वाजवतो. ‘वन्स मोअर’ मात्र आधी एकट्यानं म्हणावा लागतो आणि मग इतरांनी तो उचलावा लागतो. कुणी उचलला नाही, तर म्हणणाऱ्याची फजिती. अंधारात, अनोळखी माणसांच्या भरवशावर घेतलेली ती जोखीम असते. ती सफल झाली, की हॉलमधल्या प्रत्येकाला एक गोष्ट कळते: मला जे वाटलं, ते ह्या सगळ्यांनाही वाटलं. एवढंच नाही, तर आम्ही सगळे मिळून म्हटलं तर समोरचं नाटक थांबू शकतं, मागे जाऊ शकतं. बालगंधर्वांच्या काळात अशा फर्माइशींनी नाटकं पहाटेपर्यंत चालत. तेव्हा हॉल दहाला सोडायचा नसे, हेही खरं!

माणसं अशी एक झाली की काय होतं, हे प्रेक्षकांच्या आधी सरकारला कळलं. 1907 मध्ये कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं ‘कीचकवध’ महाराष्ट्र नाटक मंडळीनं रंगमंचावर आणलं. खाडिलकर टिळकांचे ‘केसरी’तले सहकारी. कथा महाभारतातली. पांडव अज्ञातवासात विराटाच्या घरी नोकर म्हणून राहतात, द्रौपदी सैरंध्री होते, राणीचा भाऊ कीचक तिच्यावर डोळा ठेवतो आणि शेवटी भीम त्याला ठार मारतो. ही गोष्ट लहानपणापासून प्रत्येकानं ऐकलेली. पण बंगालची फाळणी होऊन दोनच वर्षं झाली होती. प्रेक्षागृहातल्या प्रत्येकाला कीचकात लॉर्ड कर्झन दिसत होता, द्रौपदीत भारतमाता, सबुरी सांगणाऱ्या युधिष्ठिरात मवाळ आणि दात-ओठ खाणाऱ्या भीमात जहाल. नाटकात यातलं एकही नाव नाही. प्रेक्षकांना कुणी समजावून सांगितलं नव्हतं. समजलं ते शेजाऱ्याच्या श्वासावरून. मी ज्या वाक्याला मूठ आवळली, त्याच वाक्याला शेजाऱ्यानंही आवळली, म्हणजे हाही आपल्यातला!

टिळकांना 1908 मध्ये शिक्षा होऊन मंडालेला पाठवलं गेलं. 1910 मध्ये सरकारनं 1876 च्या नाट्यप्रयोगांच्या कायद्याखाली ‘कीचकवध’वर बंदी घातली. लंडनच्या ‘टाइम्स’चे व्हॅलेंटाइन चिरोल यांनी त्याच वर्षीच्या आपल्या ‘इंडियन अनरेस्ट’ ह्या पुस्तकात ह्या नाटकाची मुद्दाम दखल घेतली. सरकारला भीती महाभारताची नव्हती. ती गोष्ट घरोघरी पोथीत होतीच आणि पोथीवर कुणी बंदी घातली नाही. घरी एकट्यानं वाचली तर ती पुराणकथा राहते. शेकडो अनोळखी लोकांनी एकत्र बसून पाहिली, तर ती वेगळंच काही होते. हा फरक त्या इंग्रज अधिकाऱ्यांना नेमका कळला होता. लिंक पाठवायची का हॉल घ्यायचा, ह्या आपल्या चर्चेत तो आपल्यालाही कळायला हवा, असं मला वाटतं.

आता त्या संध्याकाळकडे येते, जिची गोष्ट माझे आजोबा त्यांच्या वडिलांकडून ऐकल्याचं सांगत. ‘मानापमान’ही खाडिलकरांचंच, संगीत गोविंदराव टेंब्यांचं. 1911 मध्ये ते पहिल्यांदा रंगमंचावर आलं, तेव्हा भामिनी होते बालगंधर्व. पुढच्या दहा वर्षांत मराठी रसिकांचे दोन तट पडले. एक बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीचा आणि दुसरा केशवराव भोसल्यांच्या ललितकलादर्शचा. कुणाचा आवाज श्रेष्ठ, यावरून घराघरांत वाद होत. आजच्या क्रिकेटच्या चाहत्यांसारखंच, फार वेगळं नाही.

टिळक 1 ऑगस्ट 1920 ला गेले. त्यांच्या स्मरणार्थ टिळक स्वराज्य फंड गोळा होऊ लागला. त्या फंडासाठी ह्या दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांनी एकत्र प्रयोग करायचं ठरवलं. 8 जुलै 1921, मुंबईचं बालीवाला थिएटर, ‘संयुक्त मानापमान’. धैर्यधर केशवराव, भामिनी बालगंधर्व. तिकिटांचे दर त्या काळाच्या मानानं डोळे पांढरे करणारे होते आणि तरी सोळा हजार रुपयांहून अधिक उत्पन्न एका प्रयोगात झालं. दोन तटांची माणसं, जी एरवी एकमेकांच्या मंडळींच्या प्रयोगाला नाकं मुरडत, ती एका छताखाली बसली. धैर्यधराच्या पदाला दाद द्यायची की भामिनीच्या, हा प्रश्न उरला नाही. दोन्हींना दिली. ज्याच्याशी वाद घालायचा, तोच शेजारी बसून डोळे पुसतो आहे, असा तो प्रसंग.

त्यानंतर दोघांनी मिळून ‘सौभद्र’ही केलं. पण 4 ऑक्टोबर 1921 ला, म्हणजे तीन महिन्यांच्या आत, केशवराव भोसले गेले. वय अवघं एकतीस. त्या संध्याकाळी बालीवाला थिएटरात जे जमले होते, त्यांना तसं पुन्हा जमता येणार नव्हतं. कितीही वेळा म्हटलं, तरी त्या प्रयोगाला आता वन्स मोअर नव्हता.

इथवर वाचून तुम्हाला वाटेल, की नाट्यगृहात पाऊल टाकलं की सगळे एक होत. तसं नव्हतं आणि ते सांगितल्याशिवाय ही गोष्ट खरी होणार नाही. ‘संयुक्त मानापमान’चं तिकीट गिरणी कामगाराच्या आवाक्यातलं नव्हतं. बायकांची बसायची जागा वेगळी असे आणि रंगमंचावर तर बाई नव्हतीच, भामिनी हा पुरुषच होता. अस्पृश्य मानलेल्या समाजासाठी हे दार जवळजवळ बंदच होतं. अंधारात शेजारी कोण बसला आहे याची ज्यांना पर्वा नव्हती, असं आपण म्हणतो, त्यांच्यातले बरेच जण एकाच थरातले होते, म्हणून ती पर्वा करावी लागली नव्हती.

पण ज्यांना दार उघडलं नाही, तेही एकत्र बसलेच. त्यांनी आपले मांडव उभारले. सत्यशोधक जलसे गावोगाव फिरले. पुढे भीमराव कर्डकांसारख्यांनी आंबेडकरी जलसे उभे केले आणि बाबासाहेबांचा विचार ज्याला अक्षर येत नाही त्याच्यापर्यंत पोचवला. मुंबईच्या गिरणगावात अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांचं लालबावटा कलापथक 1940 च्या दशकात चाळींच्या पटांगणात आणि मैदानात गाऊ लागलं. तिथे कोकणातला, घाटावरचा, मराठवाड्यातला कामगार एकाच डफाच्या ठेक्यावर उभा राहिला. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत हीच शाहिरी हजारोंच्या सभांना बांधून ठेवत होती. 1 मे 1960 ला जे राज्य मिळालं, त्याची हाक मैदानातल्या ह्या गर्दीनंही दिली होती.

मधल्या काळात सिनेमा आला. पडद्यावरच्या नटाला ‘वन्स मोअर’ ऐकू येत नाही, हे खरं. तरी ‘प्रभात’चा ‘संत तुकाराम’ डिसेंबर 1936 मध्ये मुंबईच्या सेंट्रल सिनेमात लागला आणि वर्षभराहून अधिक काळ तिथेच चालला. तुकाराम झालेले विष्णुपंत पागनीस हे जुने रंगभूमीवरचे नट. प्रेक्षक पुन्हा पुन्हा येत होते. नट पद पुन्हा म्हणेना, तेव्हा प्रेक्षकानं पुन्हा तिकीट काढलं. तोही एक वन्स मोअरच झाला.

आता आपल्या हॉलकडे परत येते.

लिंकच्या बाजूनं बोलणाऱ्यांचं म्हणणं चुकीचं नाही. हॉलचं भाडं दरवर्षी वाढतं. आपले कितीतरी आजी-आजोबा रात्री गाडी चालवू शकत नाहीत, नोव्हेंबरात बर्फ पडला तर कुणीच येऊ शकत नाही. लहान बाळांच्या आया घरी अडकतात. त्या सगळ्यांसाठी रेकॉर्डिंग जरूर करावं. मी त्याच्या विरोधात नाही.

पण आपण परदेशी आलो तेव्हा आपली अवस्था 1853 च्या मुंबईतल्या प्रेक्षकासारखीच झाली. मागे गाव राहिलं, वाडा राहिला, ओळखीची देवळं राहिली. इथे कुणी नागपूरचा, कुणी कोल्हापूरचा, कुणी पणजीचा, कुणी बडोद्याला वाढलेला. गावी असतो तर आपण एकमेकांच्या वाटेलाही गेलो नसतो. ह्या देशात आपण ‘आपण’ झालो ते मंडळाच्या घटनेमुळे नाही आणि वर्गणीच्या पावतीमुळेही नाही. भाड्याच्या हॉलमध्ये, अनोळखी माणसाच्या शेजारी बसून एकाच विनोदाला एकदम हसल्यामुळे झालो. तुम्हाला इथला तुमचा पहिला कार्यक्रम आठवतो का? मला आठवतो. मी कुणालाच ओळखत नव्हते. मध्यंतरात एका काकांनी बटाटेवड्याची कागदी प्लेट हातात दिली आणि विचारलं, ‘‘तुम्हाला ते दुसरं पद आवडलं की तिसरं?’’ नाव त्यांनी नंतर विचारलं.

आणि जुन्या नाट्यगृहांची चूक आपण इथे करतो आहोत का, हेही पाहायला हवं. पुढच्या रांगा देणगीदारांसाठी राखून ठेवतो. तिकीट चौघांच्या कुटुंबाला जड जातं आणि विद्यार्थी तर फिरकतच नाहीत. आपले अमराठी जावई, सुना आणि इथेच जन्मलेली मुलं यांना पदाचा अर्थ दोन ओळींत सांगायला आपण विसरतो आणि मग ती फोन बघत बसली, की रागावतो. किर्लोस्करांनी प्रेक्षकाच्या कानातली चाल घेतली होती. ह्या मुलांच्या कानात कोणती चाल आहे, हे आपण विचारलं आहे का?

म्हणून सर्वसाधारण सभेसाठी माझी मागणी साधी आहे. वर्षातून एक तरी कार्यक्रम हॉलमध्येच व्हावा. हॉल दहाऐवजी साडेदहापर्यंत घ्यावा आणि तो अर्धा तास अंदाजपत्रकात आधीच धरावा. राखीव रांगा बंद कराव्यात, विद्यार्थ्यांना अर्ध तिकीट असावं. ज्यांना यायला जमत नाही, त्यांना लिंक जरूर जावी.

मुलीला मी हे सगळं थोडक्यात सांगितलं. कीचकवधाची गोष्ट तिला आवडली. केशवरावांचं वय ऐकून ती गप्प झाली. मग म्हणाली, ‘‘मागून पहिल्यांदा ओरडलं ते कोण होतं, कळलं का गं?’’

नाही कळलं. तुम्ही होतात का? असाल, तर ह्या दिवाळीच्या कार्यक्रमाला नक्की या. आणि नसाल, तर या वेळी पहिला आवाज तुम्ही द्या. दुसरा माझ्या मुलीचा असेल, तसं तिनं मला कबूल केलं आहे.